ब्रेक नेमका कुठे फेल होतो? ट्रकची हवा, ड्रम आणि एबीएसचा पिवळा दिवा

घाटात ट्रक उलटला किंवा शहराच्या तोंडाशी कंटेनर गाड्यांच्या रांगेत घुसला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: 'ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.' पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की वाचणाऱ्याला आता तो रस्त्याचाच गुण वाटतो. पण २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका जड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली, तेव्हा प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी वेगळंच सांगितलं. चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

'ब्रेक फेल' हा एक बिघाड नाही. हवा कमी पडणं, ड्रम तापणं, स्लॅक (ब्रेक आवळणारा हात) ढिला असणं, पाट्यांमुळे (मागच्या पट्टी-स्प्रिंगांमुळे) मागचा ब्रेक अशक्त होणं, एबीएसचा (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर सरकणं, हे सगळे वेगवेगळे आजार आहेत, आणि गॅरेजमध्ये ते एकाच नावाने दाखल होतात. त्यामुळे दुरुस्तीही आंधळी होते. दिवा लागला म्हणून सेन्सर बदलतात आणि स्लॅकला कोणी हातही लावत नाही. शोधायचा क्रम मात्र सोपा आहे: आधी हवा, मग चाक, शेवटी वायर.

हवेचा ब्रेक चालतो कसा

जड ट्रकच्या ब्रेकमध्ये तेल नसतं, दाबलेली हवा असते. त्याकडे घराच्या गच्चीवरच्या टाकीसारखं बघा. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हा पंप. तो चेसिसला लावलेल्या टाक्या भरत राहतो. चालकाच्या पायाखालचा फूट व्हॉल्व्ह हा नळ. नळ उघडला की टाकीतली हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. गॅरेजमध्ये काही जण त्यालाच बूस्टर म्हणतात. आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, हवेने फुगतो आणि एक दांडा बाहेर ढकलतो. तो दांडा स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाचा हात फिरवतो, हात कॅम फिरवतो, आणि कॅम दोन्ही शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या कमानी, फाकवून त्यांच्यावरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमवर घासायला लावतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद, तर पंप बंद, आणि मग टाकीत उरलं असेल तेवढ्यावरच भागवायचं. दुसरं म्हणजे हवा कितीही असली तरी दांड्याचा प्रवास मर्यादित असतो. मोठ्या चेंबरमध्येही तो साठेक मिलिमीटरचाच. त्या साठात शू ड्रमला टेकून नीट दाबला गेला नाही, तर टाकीतल्या हवेचा उपयोग शून्य.

हवा संपली की ट्रक सुसाट सुटतो का?

उलट. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जाडजूड स्प्रिंग असते. ती कायम ब्रेक लावायच्या तयारीत असते, हवेचा दाब तिला मागे रोखून धरतो. हँडब्रेक ओढणं म्हणजे ही रोखणारी हवा सोडून देणं. म्हणून हवा पूर्ण गेली की मागची चाकं जाम होतात आणि ट्रक हलत नाही. रस्त्याच्या मधोमध अडकलेले अनेक ट्रक याच कारणाने अडकलेले असतात.

साधारणपणे टाकी भरली की काटा आठ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो आणि पाचच्या जवळ आला की बझर व लाल दिवा लागतो. बझर वाजताच थांबायचं. मात्र बझर वाजलाच नाही, काटा सातच्या वर होता आणि तरीही ट्रक थांबला नाही, असं चालक सांगत असेल तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. त्याचं उत्तर चाकात आहे.

काटा भरलेला, तरी ब्रेक नाही

उतारावर ब्रेकला जे काम करावं लागतं त्याचा हिशेब मांडून पाहा. अठ्ठावीस टनांचा दहा चाकी ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे पंच्याण्णव लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. इंजिन किंवा एक्झॉस्ट ब्रेकने (धुराची वाट अडवून इंजिनाला मंदावणाऱ्या ब्रेकने) ती खाल्ली नाही, तर हवा आणि टायरच्या विरोधात जाईल तेवढी सोडून बाकी सगळी ड्रममध्ये शिरते. बोरघाट, खंबाटकी, कसारा, कुठलाही घाट घ्या, उतार शंभर मीटरवर संपत नाही.

तापण्याने एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. लायनरची पकड कमी होते, म्हणजे तेवढ्याच जोराने दाबूनही चाक कमी अडतं. आणि लोखंडाचा ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो. आता दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. स्लॅक नीट असेल तर ते जमतं. स्लॅक आधीच ढिला असेल, तर दांडा आपल्या मर्यादेला जाऊन टेकतो आणि पुढे ढकलायला काही उरत नाही. चालक ब्रेक दाबतोय, काटा भरलेला आहे, चेंबर फुगलेला आहे, आणि शू ड्रमला जेमतेम शिवतोय. ट्रक थंड झाल्यावर तपासला तर ब्रेक लागतोसुद्धा! अपघातानंतर चालक आणि तपासणारा यांच्या सांगण्यात फरक पडतो, त्याचं हेही एक कारण आहे.

म्हणून माझ्या मते ट्रकच्या ब्रेकची सगळ्यात मोलाची तपासणी खडू आणि पट्टीने होते. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, टाकी भरलेली, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. दांडा चेंबरमधून जिथे बाहेर येतो तिथे खडूने खूण करायची. दुसऱ्याला पूर्ण ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि खूण किती सरकली ते मोजायचं. किती चालेल याचा आकडा चेंबरच्या मापावर ठरतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात असतो. पण एकाच धुरीच्या डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक दिसला, तर पुस्तक न उघडताही काहीतरी बिघडलंय हे कळतं. (काम झाल्यावर ठोकळे उचला. रस्त्यावर दगड लावले असतील तर तेही. तसेच टाकून दिलेले दगड रात्री दुचाकीवाल्यांच्या जिवावर उठतात.)

'आमच्या गाडीला ऑटो स्लॅक आहे, बघायची गरज नाही,' हे उत्तर हमखास येतं. ऑटो स्लॅक लायनर झिजेल तसा स्वतःला घट्ट करत जातो हे खरं. पण तो पुन्हा पुन्हा ढिला सापडत असेल, तर पान्याने आवळून गाडी सोडणं हा उपाय नाही. त्याच्या आतली यंत्रणा गेलेली असते, पिन झिजलेली असते, किंवा कॅमच्या बुशमध्ये खेळ आलेला असतो. आवळलेला स्लॅक चार दिवसांनी परत तिथेच येतो.

'न्यूट्रलला टाकलं की डिझेल वाचतं'

जुन्या इंजिनांच्या काळातली ही समजूत आजही धाब्यावर ऐकू येते. आताच्या संगणकाने डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल इंजिनात गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की गाडीच इंजिनाला फिरवते आणि संगणक डिझेल जवळजवळ पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल लागतंच. म्हणजे उतारावर न्यूट्रल टाकणारा डिझेल थोडं जास्तच जाळतो आणि वर इंजिनाचा फुकटचा ब्रेक गमावतो. किल्ली बंद केली तर कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, एक्झॉस्ट ब्रेकही जातो. उरतात ते फक्त ड्रम.

गळती कानाने शोधायची

हवा गळते तिथे आवाज येतो, आणि तो कधी येतो यावरून दोषी भाग पुष्कळसा कळतो. टाकी भरून इंजिन बंद करा आणि सगळं शांत होऊ द्या. ब्रेक दाबल्यावरच चाकाजवळ फुसफुस सुरू होत असेल, तर त्या चेंबरचा डायफ्राम फाटलाय. काहीच दाबलेलं नसताना, हँडब्रेक सोडलेला असताना मागच्या चेंबरजवळ किंवा त्याला हवा पुरवणाऱ्या रिले व्हॉल्व्हच्या तोंडाशी हवा जात असेल, तर स्प्रिंगच्या बाजूचं सील संशयित. पायाखालीच हवा सुटत असेल, तर फूट व्हॉल्व्ह. कॉम्प्रेसरच्या पुढच्या, हवेतलं पाणी काढणाऱ्या एअर ड्रायरमधून टाकी भरल्यावर एकदाच 'फुस्स' होणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. सतत फुसफुसणं नाही. जिथे आवाज पुसट असेल तिथे साबणाचा फेस लावायचा.

किती गळती चालते? अमेरिकेत ट्रकचालकाच्या परवान्याच्या परीक्षेत एकट्या ट्रकसाठी नियम असा: ब्रेक दाबून धरल्यावर एका मिनिटात तीन पीएसआयपेक्षा, म्हणजे सुमारे ०.२ बारपेक्षा जास्त हवा जाता कामा नये. आपल्याकडेही घड्याळ लावून बघायला हरकत नाही.

टाकीच्या खालचा ड्रेन उघडून पाणी काढणं हे काम कोकणात आणि पावसाळ्यात तर रोजचंच ठेवावं. पाणी आलं तर ड्रायरमधला गाळणीचा डबा बदलायला झालाय. पाण्याबरोबर काळं तेल आलं, तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्यात, आणि ते तेल पुढे जाऊन व्हॉल्व्हची रबरं खराब करतं.

एक ताकीद इथेच. स्प्रिंगवाला मागचा चेंबर रस्त्याच्या कडेला कधीही खोलू नये. आतली स्प्रिंग टनभराच्या आसपास जोराने दाबून ठेवलेली असते आणि क्लॅम्प सुटला की झाकण तोफगोळ्यागत येतं. यात माणसं मेलेली आहेत. बोल्टने स्प्रिंग आत ओढून बांधल्याशिवाय त्या भागाला हात नाही, आणि खराब झालेला चेंबर शक्यतो अख्खाच बदलायचा.

गाडी एका बाजूला ओढते तेव्हा

लांबून तापमान मोजणारं पिस्तूल आता स्वस्तात मिळतं. गाडी थोडी चालवून, ब्रेक मारत आणा आणि लगेच सगळ्या ड्रमांवर ते धरा. सगळे साधारण सारखे गरम हवेत. एखादा गार सापडला तर तो कामच करत नाहीये: स्लॅक ढिला, कॅम गंजून अडकलेला किंवा हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील फुटून लायनर ग्रीसने माखलेला. एखादा जास्त तापला असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये, किंवा गार चाकाचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. त्यामुळे तापलेलं चाक खोलून समाधान मानू नका, आधी गार चाक खोला. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तो तडकतो.

पाटे वाढवले, ब्रेक घटला

हा मुद्दा गॅरेजमध्ये फारसा बोलला जात नाही. अनेक ट्रकांत मागच्या धुरीवर एक व्हॉल्व्ह असतो, तो मागचे पाटे किती दबलेत यावरून माल किती आहे हे ओळखतो. ट्रक रिकामा असेल तर तो मागच्या ब्रेकला कमी हवा देतो, नाहीतर हलकं मागचं चाक जाम होऊन घसरेल. जास्त माल घालता यावा म्हणून मालक दोन पाटे वाढवतो. आता भरलेला ट्रकही फारसा दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक मुद्दाम अशक्त ठेवला जातो. सगळ्यात जास्त वजन, सगळ्यात कमी ब्रेक! नवीन लायनर टाकूनही 'मागचा ब्रेक धरत नाही' अशी तक्रार असेल तर त्या व्हॉल्व्हची दांडी आणि पाटे मोजा.

एबीएस काय करतं, काय करत नाही

फिरणाऱ्या चाकाची रस्त्यावर पकड असते. जाम झालेलं चाक घसरतं, आणि पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मागची घसरली तर ट्रेलर कैचीसारखा दुमडतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. प्रत्येक चाकावरचा सेन्सर वेग कळवतो, संगणक ते वेग ताडून पाहतो, आणि एखादं चाक बाकीच्यांपेक्षा झपकन मंदावलं की तिथली हवा मॉड्युलेटर नावाच्या व्हॉल्व्हमधून क्षणभर सोडतो, पुन्हा भरतो, पुन्हा सोडतो. आपल्याकडे २०१५ पासून नव्या जड ट्रकांना ते बंधनकारक झालं.

एबीएस ब्रेकचा जोर वाढवत नाही. ढिला स्लॅक, तापलेला ड्रम, अशक्त मागचा ब्रेक यांवर त्याच्याकडे काहीच इलाज नाही. सुट्या खडीवर तर थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं. जुन्या चालकांची ब्रेक मारून-सोडून मारायची सवय एबीएसच्या गाडीत सोडायला हवी. तसं केल्याने फक्त टाकीतली हवा संपते.

पिवळा दिवा लागला

किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागून काही सेकंदांत, किंवा काही गाड्यांत ट्रक थोडा चालल्यावर, विझला पाहिजे. राहिलाच तर संगणकाने काहीतरी पकडलंय आणि एबीएस पूर्ण किंवा काही चाकांपुरतं बंद केलंय. साधा ब्रेक मात्र शाबूत असतो, कारण मॉड्युलेटर वीज नसताना हवा सरळ पुढे जाऊ देतो. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर जास्त काळजी करा. फिटनेस तपासणीला जाण्याआधी बल्ब काढून ठेवणारे लोक आहेत.

दिव्याचं कारण बऱ्याचदा चाकातच सापडतं. हबवर दातेरी कडं असतं, त्याच्यासमोर सेन्सर. दोघांमधली फट मिलिमीटरपेक्षा कमी लागते. सेन्सर एका स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट बसवलेला असतो, स्क्रूने नाही. हब काढून ग्रीस भरला आणि सेन्सर परत आत ढकलायचा राहिला, की दुसऱ्या दिवशी दिवा. बेअरिंग ढिलं असेल तर डुलणारं कडं सेन्सरला हळूहळू मागे ढकलतं. तेव्हा 'दिवा कधीपासून?' याच्याइतकाच 'चाक शेवटचं कधी उघडलं?' हा प्रश्न मेकॅनिकने विचारायला हवा. उपाय असा: बेअरिंगचा खेळ बघा, कड्याचे दात तुटलेत का पाहा, सेन्सरच्या टोकावरचा लोखंडी कीस पुसा, आणि तो कड्याला टेकेपर्यंत हाताने आत दाबा. चाक फिरताच तो स्वतःच आवश्यक तेवढी फट करून घेतो. हातोडी मात्र नको.

मग मीटर. सेन्सरचा जोड सोडून रोध मोजला तर या जातीच्या सेन्सरांत तो साधारण हजार ते दोन हजार ओहम येतो. चाक उचलून दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने हाताने फिरवलं तर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा जास्त एसी व्होल्टेज दिसायला हवं. रोध बरोबर पण व्होल्ट येत नाहीत, तर गडबड फटीची किंवा कड्याची. दोन्ही बरोबर, तर वायर बघा: पावसाचं पाणी शिरून हिरवट झालेला जोड, उंदरांनी कुरतडलेली वायर, ज्यादा दिव्यांसाठी एबीएसच्या फ्यूजवरून ओढलेली लाइन. बॅटरी न सोडता चेसिसवर वेल्डिंग केलं असेल तर संगणकच गेलेला असू शकतो.

स्कॅनर लावला की कळतंच ना?

स्कॅनर सांगतो 'मागचं डावं चाक, सेन्सर सिग्नल'. तो पत्ता आहे. घरात काय घडलं ते तो सांगत नाही. त्या पत्त्यावर सेन्सर, कडं, बेअरिंग, जोड आणि वायर असे पाच जण राहतात, आणि गॅरेज दरवेळी सेन्सरलाच धरतं, कारण तो दुकानात तयार मिळतो.

'एबीएस काढल्यावर ब्रेक चांगला लागतो'

ही तक्रार मी उडवून लावणार नाही, कारण तिच्यामागे खरा बिघाड असू शकतो. फट जास्त असली की वेगात सिग्नल पुरेसा येतो, पण थांबायच्या बेताला, ताशी दहा-पंधरा किलोमीटरवर, तो तुटतो. संगणकाला वाटतं चाक जाम झालं, आणि तो हवा सोडून देतो. चौकातल्या सिग्नलपाशी गाडी अगदी शेवटच्या काही फुटांत पुढे सरकते, खालून फस-फस आवाज येतो, चालकाच्या पोटात गोळा येतो. फ्यूज काढला की हे थांबतं, म्हणून एबीएस दोषी ठरतं. सेन्सर आत ढकलला तरीही थांबलं असतं, आणि पावसात चाकं जाम होण्यापासूनचं संरक्षणही राहिलं असतं.

छोट्या पिकअपचं वेगळं

टाटा एस किंवा बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांत हवा नाही, ब्रेक ऑइल असतं. पेडल स्पंजासारखं लागलं तर तेलात हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ दर्जाचं तेल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर त्याची हमी १४० अंशांपर्यंत उतरते. घाटात ते उकळलं की पेडल थेट खाली जातं, थंड झाल्यावर परत येतं. इथेही इंजिन बंद केलं तर पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरची (हा ट्रकच्या ब्रेक चेंबरहून वेगळा) मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि पेडल दगडासारखं होतं.

दिवा लागलेला असताना माल पोचवावा का?

लाल दिवा किंवा बझर असेल तर नाही. फक्त पिवळा असेल, हवा भरत असेल आणि ब्रेक सरळ लागत असेल, तर जवळच्या गॅरेजपर्यंत वेग कमी ठेवून जाता येतं. ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रेलर घेऊन नाही. फिटनेस केंद्रातल्या रोलरवरच्या तपासणीत चाकांचा जोर आणि डावा-उजवा फरक कळतो, पण तो वेग इतका कमी असतो की एबीएस तिथे जागंच होत नाही. त्यामुळे ब्रेकला पास मिळालेल्या ट्रकचंही एबीएस बंद असू शकतं. दुरुस्तीनंतर दिवा लगेच विझला नाही तरी घाबरू नका; सेन्सरचा दोष असेल तर चाकं फिरून चांगला सिग्नल मिळाल्यावरच संगणक तो विझवतो. मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा, आणि परत आल्यावर ड्रमांवर पिस्तूल धरायला विसरू नका.